हातचा एक: बालकलाकाराच्या शाळेच्या तीन वाटा

मेकअपच्या खोलीत आठ वर्षांची एक मुलगी हातच्याची बेरीज करत होती. एककं झाली, हातचा एक दशकांच्या डोक्यावर मांडायचा, तेवढ्यात दारावर थाप पडली. ‘शॉट रेडी!’ वही उघडीच राहिली. पाऊण तासाने ती परत आली तेव्हा डोळ्यांत ग्लिसरीन होतं आणि नाक खऱ्याखुऱ्या रडण्यासारखं लाल. बेरीज पुरी केली, उत्तर दहाने कमी. ‘हातचा कुठे गेला गं?’ तर म्हणाली, ‘तो मी मगाशी डोक्यात ठेवला होता.’

काही वर्षं मी सेटवर मुलांना शिकवलं. अजूनही पालकांचे फोन येतात आणि प्रश्न साधारण एकच असतो: शाळा तशीच चालू ठेवावी, सेटवर शिक्षक मागावा, की शाळेतून नाव काढून मुक्त विद्यालयात घालावं? प्रत्येक वेळी आधी मीच उलट विचारते, काम कसलं आहे? चाळीस दिवसांचा चित्रपट, रोजची मालिका आणि शनिवार-रविवारी होणारं नाटक यांना एकच उत्तर लावलं तर तिन्हीकडे फसतं.

शाळा तशीच, काम सुट्टीत

जाहिराती, डबिंग, सुट्टीतलं चित्रीकरण, नाटकाचे मोजके प्रयोग, एवढंच काम असेल तर दुसरा विचारच करू नका. शाळेत मूल ‘स्टार’ नसतं, हा तिचा मोठा फायदा. गृहपाठ राहिला तर बोलणी बसतात आणि डबा वाटून खावा लागतो. सेटवर सगळे लाड करतात, कारण सगळ्यांना शॉट हवा असतो.

काम लांबलं की मात्र ही वाट अडचणीची होते. वह्या पूर्ण करणं म्हणजे अभ्यास भरून काढणं, असा एक गोड गैरसमज घरोघरी आहे. माझ्याकडच्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या आईने सहा आठवड्यांच्या वह्या रात्री जागून स्वतःच्या अक्षरात उतरवल्या. मुलगा वर्गात परतला, फळ्यावर ऋण संख्यांचा गुणाकार चालला होता. वहीत सगळं होतं, पण ऋण गुणिले ऋण धन का, हे ना वहीला सांगता येत होतं ना त्याला. त्याची बाकावरची जागाही दुसऱ्याला मिळाली होती. त्याला जास्त लागलं ते हेच.

नाव शाळेच्या पटावर, शिकवणं सेटवर

ही सगळ्यांत खर्चिक वाट. नीट राबवली तर सगळ्यांत चांगली, आणि प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त फसवणूक हिच्यातच होते.

कॅलिफोर्नियात ही पद्धत पक्की रुळलेली आहे. शाळेचा दिवस असेल तर शाळकरी मुलाचे रोजचे तीन तास शिक्षणासाठी राखावे लागतात. शिकवायला स्टुडिओ शिक्षक असतो आणि शाळेच्या दिवशी एका शिक्षकामागे दहापर्यंत मुलं. या शिक्षकाकडे मुलाच्या तब्येतीची आणि सुरक्षिततेचीही जबाबदारी असते, गरज पडली तर तो मुलाला सेटवरून बाजूला काढू शकतो. दिग्दर्शकाला ‘आता नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला गणिताचा शिक्षक! मला त्याचा हेवा वाटतो. तिथल्या कलाकार-संघटनेच्या करारात आणखी एक शहाणपणाची अट आहे: वीस मिनिटांपेक्षा लहान तुकडा अभ्यासाच्या वेळेत धरायचा नाही. कॅमेऱ्याची मांडणी बदलताना मिळालेली सात मिनिटं, जेवणानंतरची दहा, असं गोळा करून तीन तास दाखवता येत नाहीत. त्या आठ वर्षांच्या मुलीचा हातचा अशाच सात मिनिटांत हरवला होता.

इंग्लंडचा हिशेब थोडा सैल आहे. स्थानिक प्रशासनाच्या परवान्यावर काम करणाऱ्या मुलाला शाळेच्या दिवशी तीन तास शिकवायचं, किंवा तेच तास चार आठवड्यांपर्यंतच्या मुदतीत मागेपुढे करून भरायचे. पण आठवड्याला सहा तासांच्या खाली जायचं नाही आणि एका दिवसात पाचाच्या वर नाही. चित्रपटाच्या वेळापत्रकाला हे सोयीचं पडतं. सोमवारी मोठा प्रसंग आहे, तर मंगळवारी काम कमी ठेवून अभ्यास जास्त.

भारतात बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी आली. दृक्श्राव्य मनोरंजनातल्या बालकलाकारांना सूट मिळाली ती शिक्षणावर परिणाम होऊ न देण्याच्या अटीवर. २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि ओळीने सत्तावीस दिवसांहून जास्त नाही. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. धड्यांमध्ये खंड पडू नये म्हणून सोय करायची जबाबदारी निर्मात्याची. कॅलिफोर्नियासारखा रोजच्या तासांचा आकडा मात्र या नियमांत नाही. तो आकडा पालकांनी करारात घालून घ्यावा लागतो.

घालून घ्या. ‘शिक्षणाची सोय केली जाईल’ या वाक्याला काडीचा अर्थ नाही. किती तास, कोणत्या खोलीत, सलग किमान किती मिनिटं, आणि शिक्षक कोण, हे लिहून हवं. खोलीचं हसण्यावारी नेऊ नका. मी एकदा कपडेपटाच्या दांडीखाली भूगोल शिकवला आहे, दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन आमच्या डोक्यावरून सदरा काढून नेत होतं.

शिक्षक शाळेशी बोलतो का, हेही विचारा. शाळेत अपूर्णांक चाललेत आणि सेटवर भूमिती, असं झालं तर दोन्ही वाया. दर आठवड्याला वर्गशिक्षकांकडून दोन ओळींचा निरोप आला तरी पुरतं.

शाळा सोडून मुक्त विद्यालय किंवा घरचं शिक्षण

लवचीकता हिच्यात सर्वांत जास्त. भारतातल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत माध्यमिकसाठी, म्हणजे दहावीसाठी, वय चौदा पूर्ण लागतं आणि उत्तीर्ण व्हायला किमान पाच विषय. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. म्हणजे चित्रीकरण परीक्षेच्या आड आलं तर वर्ष बुडत नाही, दोन विषय आता आणि तीन पुढच्या खेपेला असं करता येतं.

माझा आक्षेप वेगळाच आहे. शाळा नाही म्हटल्यावर मुलाचा अख्खा दिवस ‘मोकळा’ समजला जातो. पूर्वी ‘साडेबारापर्यंत शाळा आहे’ म्हणून कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, पुढे जायचा. आता सकाळी सातची हाक येते आणि नाही म्हणायला कारण उरत नाही. कॅलिफोर्नियात सोळा वर्षांनंतर राज्याची प्रावीण्य परीक्षा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याच्या तोडीची परीक्षा, उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या दिवसातून शाळेचे तास काढता येतात, आणि निर्मात्यांना अशी मुलं हवी असतात ती म्हणूनच. घरच्या शिक्षणाला वेळापत्रकाचा पहारेकरी नसतो. तो घरातल्या कुणाला तरी व्हावं लागतं, आणि बहुतेक वेळा ती जबाबदारी त्याच व्यक्तीवर येते जी मुलाच्या तारखाही सांभाळते. एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी वाटाघाटी करायच्या!

कलावंत मुलांसाठीच्या खास शाळा हा चौथा पर्याय, पण तो मोजक्या शहरांपुरता. न्यूयॉर्कमधली एक तर १९१४ पासून चालू आहे. अशी शाळा जवळ असेल तर जरूर बघा, तिच्यासाठी गाव बदलू नका.

मग कुणी काय निवडावं

दहा वर्षांखालचं मूल आणि रोजची मालिका, हे जुळवणं सर्वांत कठीण. वाचन आणि अंकगणित याच वयात बसतं आणि त्याला समोर माणूस लागतो. इथे मी सेटवरच्या शिक्षकाचा आग्रह धरीन, आणि तो मिळत नसेल तर भूमिका सोडा म्हणेन. हे ऐकून फोन ठेवलेले पालक मला माहीत आहेत. याच वयात मुक्त शिक्षणाला माझा सरळ नकार.

दहा ते तेरा वर्षांचं मूल आणि महिना-दीड महिन्याचा चित्रपट असेल तर शाळा चालू ठेवून सेटवर शिक्षक. परतल्यावर पहिला आठवडा कुठलंच काम नको. त्या आठवड्यात वर्गाचा सूर पकडता येतो, आणि बाकावरची जागाही परत मिळते.

चौदा-पंधराच्या पुढचं मूल, काम सतत चालू आणि स्वतः पुस्तक उघडून बसायची सवय असेल तर मुक्त विद्यालय बिनधास्त. सवय नसेल तर आधी तीन महिने घरी रोज दोन तास स्वतःहून अभ्यास करून दाखवायला सांगा, मग अर्ज भरा.

नाटकवाल्यांना एक वेगळी सूचना. प्रयोगापेक्षा तालमी अभ्यास जास्त खातात, कारण त्या शाळेच्याच दिवशी संध्याकाळी असतात आणि लांबतात. शिवाय रात्रीच्या प्रयोगानंतर दुसऱ्या दिवसाचा पहिला तास पेंगण्यात जातो. तो कोणत्या विषयाचा आहे ते वेळापत्रकात बघून ठेवा. गणित असेल तर आदल्या रात्रीच्या प्रयोगाला पर्यायी बालकलाकार मागा. एका भूमिकेसाठी दोन मुलं तयार ठेवायची पद्धत रंगभूमीला नवी नाही.

ती आठ वर्षांची मुलगी पुढे हातचा कागदाच्या कोपऱ्यात गोल करून लिहायला लागली. थाप पडली की आधी गोल, मग शॉट. एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, दारात उभा राहून ओरडायचा आणि ती म्हणायची, ‘थांब दादा, एक राहिलाय.’