वर्किंग हॉलिडेवरून थेट स्पॉन्सरशिप, की आधी दुसरं वर्ष?

माझा मावसभाऊ सध्या ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधे आहे. 462 वर गेलाय, म्हणजे तो वर्क अँड हॉलिडे व्हिसा जो भारतीयांसाठी सप्टेंबर 2024 मधे उघडला, वर्षाला 1000 जागा, वय 18 ते 30, बॅलटमधे, म्हणजे सोडतीत, नंबर लागला तरच पुढे. पोराने मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, चाकणला ट्रकच्या सर्व्हिस सेंटरमधे अडीच वर्षं काढलीत, आणि आता तिथे एका वर्कशॉपला डिझेल मेकॅनिक म्हणून लागलाय. मालक म्हणतो, "तुला स्पॉन्सर करतो." मावशीचा कोथरूडहून लगेच फोन, की अरे हे घ्यावं का, का आधी दुसऱ्या वर्षाचा व्हिसा करून ठेवावा? मी स्वतः 482 वर, म्हणजे मालकाने स्पॉन्सर केलेल्या कामाच्या व्हिसावर, तीन वर्षं तिथे राहून परत आलोय म्हणून मला विचारलं.

दोन्हीतला खरा फरक पैशाचा नाहीये, कुठलं काम कोणाच्या हातात आहे याचा आहे. दुसरं वर्ष तुमच्या हातात असतं. रीजनल भागात, म्हणजे मोठ्या शहरांबाहेर, ठरलेल्या प्रकारचं काम 3 महिने, म्हणजे 88 दिवस करायचं, पेस्लिप जपून ठेवायच्या आणि अर्ज टाकायचा, त्याला परत बॅलट नाही. स्पॉन्सरशिपचं तसं नाही, तिथे तीन पायऱ्या आहेत: मालकाने स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यायची, मग तुमच्या पोस्टचं नॉमिनेशन टाकायचं, आणि शेवटी तुमचा व्हिसा अर्ज. पहिल्या दोन मालकाच्या, तिसरी फक्त तुमची. म्हणून "करतो" या शब्दाला माझ्या लेखी काही किंमत नाही, नॉमिनेशन भरल्याची पावती दिसली की किंमत.

आणि इथेच पोरं फसतात. 462 वर एका मालकाकडे साधारण 6 महिनेच काम करता येतं, काही अपवाद आहेत, परवानगी मागताही येते, पण धरून चालायचं 6 महिने. आता वर्कशॉपमधलं मेकॅनिकचं काम त्या 88 दिवसांत मोजलंच जात नाही, तिथे शेती, फळतोडणी, बांधकाम, उत्तरेकडचं हॉटेल-टुरिझम असली कामं चालतात. म्हणजे मालकाच्या शब्दावर सहा महिने थांबलात, त्याने काही भरलं नाही, तर स्पॉन्सरशिपही नाही आणि 88 दिवस करायलाही वेळ कमी पडू शकतो. भावाच्या आधी त्याच वर्कशॉपला असलेल्या एका मुलाचं अगदी हेच झालं, पाचव्या महिन्यापर्यंत "अकाउंटंट बघतोय" एवढंच ऐकत बसला आणि शेवटी घरी परतला. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, कारण पोरगा कामाला चांगला होता.

आता स्पॉन्सरशिपच्या बाजूने बोलायचं तर जमली तर ती कितीतरी सरस आहे, यात वादच नाही. 7 डिसेंबर 2024 पासून जुन्या 482 च्या जागी स्किल्स इन डिमांड आलाय, नंबर तोच. 4 वर्षांपर्यंत मिळतो, नवरा किंवा बायको सोबत येऊन काम करू शकते, आणि दोन वर्षं स्पॉन्सरकडे झाली की 186 या मालकामार्फतच्या व्हिसातून पीआरचा, म्हणजे कायमचं राहण्याचा, रस्ता. 462 वरचा काळ त्यात धरत नाहीत. नोकरी गेली तर माझ्या वेळी 60 दिवसांत नवीन स्पॉन्सर शोधावा लागायचा, त्या भीतीपोटी मी एका मालकाचं बरंच काही ऐकून घेतलंय, 1 जुलै 2024 पासून सलग 180 दिवस मिळतात, हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो. टॅक्सचंही बघा, वर्किंग हॉलिडेवर पहिल्या डॉलरपासून 15 टक्के कापतात, 482 वर टॅक्ससाठी रेसिडेंट धरले गेलात तर पहिले 18,200 डॉलर मोकळे.

पण अटी कडक. कोअर स्किल्समधे, म्हणजे या व्हिसाच्या नेहमीच्या गटात, पगार वर्षाला किमान 76,515 डॉलर हवा (1 जुलै 2025 पासूनचा आकडा, दर जुलैला वाढतो), त्या कामाचा बाजारभाव जास्त असेल तर तेवढा. काम सरकारच्या यादीत हवं, इंग्रजीची परीक्षा, आणि गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा एक वर्षाचा अनुभव. मेकॅनिक, फिटर, वेल्डर अशा ट्रेडमधे भारतीय पासपोर्टवाल्यांना स्किल असेसमेंटही, म्हणजे कौशल्याची अधिकृत तपासणीही, लागते, त्यात वेळ जातो, ती आधीच सुरू करावी. भावाचा चाकणचा अनुभव इथे कामाला येतो. ज्याच्याकडे असा अनुभव नाही, कॅफेत कॉफी करतोय आणि मॅनेजर म्हणतो स्पॉन्सर करू, त्याने सरळ 88 दिवसांच्या मागे लागावं.

पैशाचं एक ठामपणे सांगतो. स्पॉन्सर करायला छोट्या धंद्याला वर्षाला 1200 डॉलर, मोठ्याला 1800 डॉलर सरकारी लेव्ही भरावी लागते, ती मालकानेच भरायची, कामगाराकडून वसूल करणं बेकायदा आहे. स्पॉन्सरशिप विकणं-विकत घेणंही बेकायदा. कोणी कॅश मागितली की त्याच दिवशी दुसरं काम शोधायला लागा. व्हिसा अर्जाचे तीन हजार डॉलरच्या वर जातात ते मात्र बहुतेक आपल्याच खिशातून.

भावाला मी सांगितलंय की वर्कशॉपला तिसरा महिना संपेपर्यंत थांब, नॉमिनेशनची पावती माग, असेसमेंट आजच चालू कर. पावती नाही आली तर क्वीन्सलँडमधल्याच बंडाबर्गला शेतावर जायचं, 88 दिवस करायचे, आणि मग दुसऱ्या वर्षात निवांत दुसरा मालक बघायचा. त्याला पटलंय, मावशीला अजून शेत म्हटलं की कसंतरी होतं. तरी काल ती चाकणच्या पगाराच्या स्लिपा पिशवीत घालून माझ्याकडे स्कॅनला घेऊन आली, मधले चार महिने सापडत नाहीयेत, तेवढ्यासाठी पीएफचं पासबुक डाउनलोड करायला बसलोय आम्ही दोघं.