‘शुभविवाह’मधले दोन व

नागपूरच्या महाल भागात माझं छोटंसं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, कधीमधी एखादा बोर्ड. तुळशीचं लग्न झालं की मान वर करायला फुरसत नसते, आणि नेमकी तेव्हाच मी फसले.

एका वधूपित्यांना पत्रिकेवर ‘हातानं लिहिल्यासारखं, वळणदार’ शीर्षक हवं होतं. व्हॉट्सॲपवर एकानं नमुना पाठवला. ‘शुभविवाह’, आणि शेवटच्या ‘ह’ची शेपटी अख्ख्या शब्दाखालून फिरत गेलेली. जीवच जडला. या फॉन्टच्या लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा तीन फाइली, व्यवसायासाठी लायसन्स, ‘नागपुरात फक्त तुम्हालाच देतो ताई’. ४,८०० रुपये. मी म्हटलं, ‘वऱ्हाडी मंडळी’ एवढं टाइप करून दाखवा. तो म्हणाला, सॅम्पल फिक्स असते, बाकी पेमेंटनंतर. तिथंच थांबायला हवं होतं. यूपीआय केलं, तेही फर्मच्या नाही, कुणाच्या तरी खासगी खात्यावर.

फाइली आल्या. टाइप केलं तर शेपटी गायब! अक्षर वाईट नव्हतं, पण स्केचपेननं पटापट लिहिल्यासारखं. वधूपिते स्क्रीनकडे बघून म्हणाले, “ताई, हे तर कुठंतरी पाह्यल्यासारखं वाटते.”

मग फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. पठ्ठ्यानं फॉन्टचं नाव बदललं होतं, कॉपीराइटची ओळ तशीच ठेवली होती: इंडियन टाइप फाउंड्री. म्हणजे हा त्या कंपनीचा ‘कलम’ फॉन्ट! गूगल फॉन्ट्सवरून कुणीही फुकट उतरवावा, खुशाल पत्रिकेवर छापावा. तो ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, त्यात नुसता फॉन्ट विकायलाच मनाई आहे. म्हणजे मी फुकटची वस्तू विकत घेतली, तीही विकायला बंदी असलेली.

आणि नमुना? तो फॉन्ट नव्हताच. ‘शुभविवाह’मध्ये व दोनदा येतो. चित्र मोठं करून पाहिलं तर ‘वि’तल्या वचं पोट शाईनं भरलेलं, ‘वा’तल्याचं मोकळं. कुणीतरी मन लावून हातानं लिहिलेलं, तेही बहुधा चोरलेलंच. साध्या फॉन्टमध्ये दोन्ही व जुळ्या भावांसारखे येतात. चांगल्या फॉन्टांत एकाच अक्षराची दोन-तीन वळणं असतात म्हणा, पण तसा फॉन्ट बनवणारा ‘वऱ्हाडी’ टाइप करून दाखवायला कशाला कचरेल?

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन करून तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे अजून नाहीत. त्यानं मला ब्लॉक केलंय. दुसऱ्या नंबरवरून तोच ‘शुभविवाह’ अजून फिरतोय, परवाच इतवारीतल्या एका ओळखीच्या प्रिंटरकडे पोचला.

पत्रिका अडली नाही. आमच्या गल्लीतल्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी बोरूनं दहा मिनिटांत शीर्षक लिहून दिलं. पैसे घेतले नाहीत, तर्रीपोह्यावर भागलं. स्कॅन करून मोठं केलं आणि आधी तेच पाहिलं. दोन्ही व वेगळे.