ग्रेट डेन घ्यायचाय? जागा नंतर मोजा, आधी किलोचा हिशोब करा

सरळ रेटिंगच देतो. स्वभाव पाचपैकी पाच, घरात राहायची सोय चार, खिसा एक. आणि तो एक पण हात सैल सोडून दिलाय.

ग्रेट डेन ही कुत्र्याची अवाढव्य जात, नाव काढलं की जो तो विचारतो बंगला आहे का. आमचा टू बीएचके आहे सिंहगड रोडला, लिफ्ट आहे, आणि आमच्या ग्रेट डेनला, बंड्याला, जागेची कधी अडचण झाली नाही कारण हा प्राणी दिवसभर झोपतो. सकाळ संध्याकाळ नीट फिरवून आणलं की साहेब सोफ्यावर आडवे, पाय खाली लोंबतायत, घोरणं चालू. मूळ जर्मनीतली जात, रानडुकरांच्या शिकारीला वापरायचे, आणि आमचा हा कुकरची शिट्टी झाली की बाथरूममध्ये जाऊन बसतो. भुंकतो कमी, पण एकदा भुंकला की कुरियरवाला पार्सल वॉचमनकाकांकडे टाकून पसार. माणसाच्या अंगावर रेलून उभं राहायची या जातीला सवयच आहे, ते त्यांचं प्रेम, फक्त शेजारच्या आजींना आधी खुर्चीत बसवावं लागतं.

तर प्रश्न जागेचा नाहीच, किलोचा आहे. पूर्ण वाढलेला नर 55 ते 80 किलोत कुठेही असतो, बंड्या 62 आहे, आणि कुत्रा पाळताना जवळपास सगळा खर्च वजनावर लागतो हे गोंडस पिल्लू मांडीवर ठेवताना कुणी बोलत नाही. जंताची गोळी साधारण 10 किलोला एक, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या पगचं एकात भागतं आणि आम्ही सहा मोजतो. गोचिडीच्या गोळीची मोठ्यात मोठी साईजही बऱ्याच ब्रँडची 50-60 किलोच्या आसपास संपते, मग डॉक्टर दोन साईज जोडून देतात. भूल वजनावर, अँटिबायोटिक वजनावर, आणि आपण गावाला गेल्यावर कुत्रा सांभाळणारा बोर्डिंगवाला तर फोनवर ब्रीडचं नाव ऐकूनच रेट बदलतो. कोरडं फूड असेल तर 15 किलोची बॅग तीन आठवड्यांत तळाला. रेबीजची लस तेवढी चिमुकल्या पॉमला आणि आमच्या रेड्याला सारखीच, 1 मिली, तिथे जरा बरं वाटतं.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पोट. खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये जठरात गॅस भरतो आणि ते स्वतःभोवती पिळलं जातं, याला ब्लोट म्हणतात, ग्रेट डेनचा नंबर त्यात अगदी वर. लक्षणं घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजेत: उलटीचा जोर करतो पण फेसाशिवाय काही पडत नाही, पोट फुगून टम्म, एका जागी बसवत नाही, लाळ गळत राहते. अशा वेळी ओवा, हिंग, इनो असलं काही करत बसायचं नाही, "सकाळी बघू" तर अजिबात नाही, काही तासांत जीव जातो आणि पीळ बसला असेल तर ऑपरेशनच लागतं. म्हणून मी सांगेन की पिल्लू शोधायच्या आधी दवाखाना शोधा, रात्री दोनला फोन उचलणारा आणि तिथल्या तिथे ऑपरेशन करू शकणारा, आणि तो घरापासून किती लांब आहे ते बघा. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं, गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात, आम्ही करून घेतलंय. गॅस तरी भरू शकतो पण पीळ बसायची शक्यता खूपच कमी होते. खाणं एकदम नाही, दोन-तीन वेळा थोडं थोडं, आणि खाल्ल्यावर तासभर धावपळ बंद. ते उंच स्टँडचे बाऊल आरोग्याच्या नावाखाली खपवतात ना, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांना ब्लोटचा धोका उलट जास्त दिसला होता.

पिल्लाबरोबर दुकानदार हमखास कॅल्शियमचं सिरप हातात ठेवतो, "हाडं मजबूत होतील साहेब". आम्हाला पण एका दुकानात दिलं, डॉक्टरांनी पहिल्याच व्हिजिटला बाजूला ठेवायला लावलं. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ बिघडते, लार्ज ब्रीड पपी फूडमध्ये ते मोजूनच घातलेलं असतं. पिल्लू गुटगुटीत दिसावं हा आपला हट्ट पण सोडा, सडसडीतच बरं. घरात व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर रबरी मॅट टाका, नाहीतर पाय फाकून घसरतात, आणि झोपायला जाड गादी द्या कारण कडक फरशीवर कोपराला पाण्याची गाठ येते. टीपॉय विकून टाका, शेपटीच्या एका फटक्यात चहाचे कप भिंतीवर जातात.

विकत घेताना आईबाप दाखवा म्हणायचं, मागच्या पायांच्या खुब्याचा एक्सरे आणि हृदयाची तपासणी झालीये का विचारायचं, दोन्हीचा त्रास या जातीत आहे. केंद्र सरकारच्या कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीच्या 2017 च्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, त्यामुळे महिन्याचं पिल्लू कुणी गळ्यात मारायला लागला तर तिथूनच मागे फिरा.

आयुष्य 7 ते 10 वर्षं, बस्स. शेवटी शेवटी मागचे पाय साथ देत नाहीत तेव्हा 60 किलो उचलून गाडीत कोण ठेवणार हे आजच ठरवा, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर तर घेऊच नका. काही जण म्हणतात त्यापेक्षा आपला कारवान हाउंड घ्या, देशी शिकारी जात, काटक, खर्च कमी. बरोबर आहे, पण त्याला रोज पळायला मोकळं रान लागतं, शेत असेल तर तोच घ्या, फ्लॅटमध्ये कोंडू नका.