बदकांसाठी नाथसागर की गावाजवळचा पाझर तलाव?

हिवाळी बदकांचा विषय निघाला की मराठवाड्यात पहिलं नाव नाथसागराचं येतं, आणि ते रास्तच आहे. जायकवाडीचा जलाशय साधारण 350 चौरस किलोमीटरचा, 1986 पासून पक्षी अभयारण्य. तरीही तुमचा पहिलाच हिवाळा असेल आणि हातात 300 मिमीची लेन्स असेल, तर मी म्हणेन, आधी जवळचा पाझर तलाव गाठा.

नाथसागर बघण्यासाठी आहे. तलवार बदकं, थापट्या, काठावर जोडीनं बसलेले चक्रवाक, पाणी ओसरलेल्या गाळपेरीत चरणारे पट्टकादंब. चांगली दुर्बीण असेल तर सकाळ कुठं गेली कळत नाही. फोटोत मात्र यातले बहुतेक ठिपकेच उरतात. काठ सपाट, आडोसा नाही, चिखलात पाय रुततात. उन्हं चढली की पाण्यावरची हवा थरथरते, मग सहाशेची लेन्ससुद्धा धूसर फोटो देते. पैठणकडच्या काठावर सकाळी ऊन पाठीशी असतं, एवढी सोय आहे. निघण्याआधी धरणात पाणी किती आहे ते मात्र बघाच. धरण तुडुंब असेल तर काठची उथळ जागा पाण्याखाली जाते आणि तिथं चरणारी बदकं पांगतात.

पाझर तलावावर जाती कमी: हळदी-कुंकू, अडई, नशीब असेल तर चक्रांगांचा छोटा थवा. पण अंतर! उजाडायच्या आत पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, बाभळीच्या आडोशाला बसा, लेन्स जवळजवळ पाण्याच्या पातळीला आणा आणि हलू नका. हळदी-कुंकू बदक जवळ आलं की चोचीचं पिवळं टोक आणि कपाळाजवळचे दोन लाल ठिपके साध्या लेन्सलाही सापडतात. थापट्या असेल तर चोच पाण्याला टेकवून गोल गोल फिरताना दिसेल, तेव्हा व्हिडिओच घ्या.

तोटाही मोठा आहे. तलाव लहान, त्यामुळे एक कुत्रं पाळीवर आलं किंवा कुणी पाण्याची मोटार सुरू करायला उतरलं की सगळा थवा उठतो आणि त्या सकाळी बहुधा परतत नाही. नाथसागरावर उठलेला थवा निदान पलीकडं बसलेला तरी दिसतो.

दोन्हीकडं जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. ऑक्टोबरमध्ये नुकतेच आलेले नर मादीसारखेच मळकट दिसतात, रंग नंतर चढतो. फार लांबवलंत तर पाझर तलावात नुसता गाळ उरेल. उडती बदकं हवी असतील तर शटर 1/2000 सेकंदापेक्षा संथ ठेवू नका.

मोठी लेन्स घेतलीत की मग नाथसागर. तिथंही फोटोसाठी होडी नको. होडी बघून थवा लांबूनच उठतो आणि कार्ड भरतं ते नुसत्या शेपट्यांनी.