ब्रेकचं काम: सर्व्हिस सेंटर की उद्यमनगरातला मिस्त्री?

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पेडल स्पंजासारखं दबायला लागलं, तेव्हाच ठरवलं: परत आलो की ब्रेकचं काम पक्कं करून घ्यायचं. पण कुठं?

सर्व्हिस सेंटरात अस्सल पार्ट, पक्कं बिल, वॉरंटी. फक्त डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर, चरे दिसले की बहुतेकदा नवीच डिस्क सांगतात, आणि गाडी काचेपलीकडं; आपण चहा पीत बसायचं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथची, म्हणजे धातू घासायच्या यंत्रांची, कमी नाही. ड्रम, डिस्क घासून सरळ करून मिळते. मात्र डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. घासल्यावर ती त्याखाली गेली नाही ना, हे समोर मोजून घ्या. नुसते पॅड बदलून भागत नाही, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून ग्रीस लावायलाच हवं. जाणता मिस्त्री हे न सांगता करतो.

खरी गोम ब्रेक ऑइलची. ते हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ च्या आसपास येते. घाटात ब्रेक तापले की त्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. त्यामुळं गॅरेजच्या फळीवरची अर्धी बाटली नको, सीलबंद बाटली समोर फोडायला लावा.

एबीएसवाली (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेली) नवी गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरच बरं, काही मॉडेलांत ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला स्कॅनर लागतो. माझी जुनी, मागं ड्रमवाली. ती गेली उद्यमनगरात.