सामाईक सर्व्हरवर युजर कोटा लावावा की प्रोजेक्ट कोटा?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील आमच्या ऑफिसात फाउंड्र्यांसाठी पॅटर्नची ड्रॉइंग तयार होतात आणि सर्व काम साम्बामार्फत (विंडोजच्या संगणकांना लिनक्सवरचे फोल्डर वापरू देणारे सॉफ्टवेअर) एकाच लिनक्स सर्व्हरवर राहते. डिस्क वारंवार भरू लागल्यावर मी आधी युजर कोटा (प्रत्येक माणसाला डिस्कवरील जागेची मर्यादा) आणि नंतर एक्सएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचा प्रोजेक्ट कोटा (प्रत्येक फोल्डरला मर्यादा), असे दोन्ही चालवून पाहिले.

युजर कोटा जुना, भरवशाचा आहे. सॉफ्ट लिमिट, म्हणजे इशाऱ्याची पहिली मर्यादा, ओलांडल्यावर सहसा ७ दिवसांची सवलत मिळते, त्यामुळे कोणाचे काम एकदम अडत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये, जिथे ज्याची फाइल त्याच्याच होम फोल्डरमध्ये राहते, तिथे मी आजही बहुधा तोच सुचवीन.

आमचे घोडे अडले ते मालकीपाशी. हा कोटा फाइल कोठे आहे ते पाहत नाही, ती कोणाच्या नावावर आहे एवढेच पाहतो. एका संध्याकाळी आमच्या ड्राफ्ट्समनला ड्रॉइंग सेव्ह करता येईना. त्याच्या फोल्डरवर ‘डीयू’ (फोल्डरने व्यापलेली जागा मोजणारी कमांड) चालवले तर जेमतेम ४ जीबी, आणि ‘रेपकोटा’ (कोट्याचा अहवाल देणारी कमांड) मात्र त्याच्या नावावर पूर्ण ६० जीबी दाखवत होता. उरलेल्या साऱ्या फाइली त्याने इतरांच्या जॉब फोल्डरमध्ये ठेवलेल्या, चालू कामाच्या, म्हणजे पुसता न येणाऱ्या होत्या. मी ‘चाऊन’ कमांडने फाइलींची मालकी बदलून दिली, पण पंधरा दिवसांत तीच तक्रार दुसऱ्याकडून आली.

प्रोजेक्ट कोट्यात फाइल कोणीही तयार करो, जागा त्या जॉबच्या फोल्डरच्या खात्यावर पडते. तो फोल्डर शेअर केला की विंडोजवर ड्राइव्हचा आकार म्हणून ठरवलेली मर्यादाच दिसते, त्यामुळे माणसे आपणहून जुन्या फाइली आवरतात, असा माझा अनुभव आहे.

त्रास इथेही आहे. मर्यादा संपल्यावर ‘डिस्कवर जागा नाही’ असाच संदेश येतो, म्हणून सुरुवातीला सर्व्हर भरल्याचे फोन येत राहिले. एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात फाइल हलवली की ती प्रत्यक्षात कॉपी होते, आणि मोठ्या फाइलींना त्यात वेळ जातो. शेलवर, म्हणजे सर्व्हरवर थेट कमांड देण्यासाठी, प्रवेश असलेला फाइलचा मालक आपल्या फाइलचा प्रोजेक्ट आयडी (ती कोणत्या प्रोजेक्टच्या खात्यावर आहे तो क्रमांक) बदलू शकतो. आमची माणसे फक्त साम्बातून येत असल्यामुळे मला त्याची चिंता वाटली नाही.

एक्सएफएसवर हा कोटा नुसत्या रीमाउंटने (चालू असतानाच जोडणीचे पर्याय बदलून) सुरू होत नाही, फाइल सिस्टिम पूर्ण अनमाउंट करावी, म्हणजे सर्व्हरपासून तात्पुरती सोडवावी लागते. आम्ही त्यासाठी साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरला होता.