निलगिरीच्या छाटकलमांसाठी मुळे फुटण्याची पावडर : दोन हंगामांचा अनुभव

बेळगावच्या बाजारातील कृषी साहित्याच्या दुकानातून मी मुळे फुटण्याच्या संजीवकाची पावडर दोन हंगाम विकत घेतली. पन्नास ग्रॅमची डबी साधारण दीडशे रुपयांना मिळते. आमचे घर उचगावात असले तरी वाटणीची जमीन सीमेपलीकडे, महाराष्ट्रातील शिनोळीच्या शिवारात आहे. कर्नाटकात 2017 मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी आली, त्यामुळे लागवडीचा विचार करायचा तो त्याच जमिनीपुरता. मात्र मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्या काड्या घेतल्या ती जुनी झाडे, उचगावच्या बांधावरचीच आहेत.

पावडरमधील मुख्य घटक इंडोल ब्युटिरिक ॲसिड हा आहे. झाडात मुळे फुटण्यास चालना देणारी जी नैसर्गिक ऑक्सिने असतात, त्याच गटातील हा पदार्थ असून तो नैसर्गिक इंडोल ॲसिटिक ॲसिडपेक्षा अधिक काळ टिकतो, आणि म्हणूनच रोपवाटिकांत त्याला पसंती मिळते. काडीच्या ओल्या टोकाला पावडर लावून जास्तीची झटकून टाकावी लागते. पावडर बारीक आहे, काडीला नीट चिकटते आणि दुसऱ्या वर्षापर्यंत गुठळ्या झाल्या नाहीत, याबद्दल माझी तक्रार नाही.

पहिल्या वर्षी मी वीस वर्षांहून जुन्या झाडांच्या शेंड्याकडील फांद्या कापून, तळाला ही पावडर लावून, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, ट्रेमध्ये लावल्या. महिनाभरात बहुतेक काड्यांच्या टोकाला पांढरी गाठ आली. मुळे मात्र मोजक्याच काड्यांना फुटली आणि उरलेल्या काळ्या पडल्या. मी पावडरला दोष देऊन मोकळा होणार होतो, पण तो दोष पावडरचा नव्हता. निलगिरीचे झाड प्रौढ झाले की त्याच्या फांद्यांची मुळे धरण्याची शक्ती झपाट्याने घटते, तर बुंधा जमिनीजवळ कापल्यावर खुंटातून जे कोवळे फुटवे येतात त्यांत तीच शक्ती पुन्हा जागी झालेली दिसते. ब्राझील आणि आपल्याकडील कागद उद्योगांच्या रोपवाटिका निवडक झाडांच्या नकला अशाच कोवळ्या फुटव्यांपासून करतात.

दुसऱ्या वर्षी मी दोन झाडे जमिनीपासून वीतभर ठेवून कापली आणि दीड-दोन महिन्यांनी आलेले फुटवे, दोन पेरांची काडी व प्रत्येक पान अर्धे छाटून, सकाळच्या थंड वेळी लावले. तीच डबी, तोच हात, तेच कोकोपीट, आणि तरीही या वेळी निम्म्याहून अधिक काड्यांना चार आठवड्यांत मुळे फुटली. पानांवर सतत दव राहील अशी फवारणी आवश्यक असते, पण विजेचा भरवसा नसल्यामुळे मी ट्रेवर पॉलिथीनचा बोगदा करून वरून शेडनेट घातले, आणि तेवढ्याने काम भागले. मुळे फुटताच बोगदा हळूहळू उघडावा लागतो, नाहीतर रोपे पहिल्याच उन्हात माना टाकतात.

माझी खरी तक्रार डबीवरील मजकुराबद्दल आहे. कोवळ्या, अर्धपक्व आणि जून काड्यांसाठी असे तीन क्रमांक छापले आहेत, पण प्रत्येकात संजीवक किती, हे कोठेही स्पष्ट लिहिलेले नाही. निलगिरीसाठी साधारण 4000 ते 6000 पीपीएम, म्हणजे एक किलो टाल्कमध्ये (शंखजिऱ्याच्या भुकटीत) 4 ते 6 ग्रॅम, अशी मात्रा वापरली जाते. पहिल्या क्रमांकाने काहीच न होणे किंवा तिसऱ्या क्रमांकाने काडीचा तळ भाजून पाने गळणे, हे दोन्ही शक्य असताना शेतकऱ्याने अंदाजाने डबी उचलावी ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. मला दुसरा क्रमांक लागू पडला, तो चाचणी घेतल्यावर समजला. दुकानदारांनी मात्र विचारल्यावर मनापासून मदत केली आणि न उघडलेली डबी बदलून दिली.

सर्व जातींना ही पावडर सारखी उपयोगी नाही. आमच्या बांधावरील संकर निलगिरी, जिला मैसूर गम म्हणतात, ती तुलनेने सहज मुळे धरते. पण लिंबाच्या वासाची, तेलासाठी लावली जाणारी जात खुंटाच्या फुटव्यांतूनही फारशी दाद देत नाही, तिच्यासाठी बीच बरे.

पुढच्या वर्षीसाठी मी पुन्हा हीच पावडर, दुसऱ्या क्रमांकाची, घेणार आहे. डबी घरातील अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवतो, आणि लागवडीच्या दिवशी लागेल तेवढीच पावडर वाटीत काढून उरलेली परत डबीत न टाकता फेकून देतो, कारण ओल्या काड्यांच्या संपर्कात आलेल्या पावडरीचा गुण उरत नाही.